५६ साइझची कार्बन सायकल स्वस्तात मिळतेय, घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, राहणार वारजे (पुणे), उंची ५ फूट ६ इंच, वजन ७८ किलो. शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. आता रोड सायकलिंग सुरू करायचंय, हिवाळ्यापर्यंत सिंहगड चढायचाय आणि जमलं तर २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) करायचीय. बजेट सगळं मिळून ५० हजार. ऑफिसातला मित्र त्याची जुनी कार्बनची रोड बाइक ४० हजारांत देतोय. फ्रेमचा साइझ ५६ सेंटिमीटर, पुढे ५३ आणि ३९ दात्यांच्या चकत्या, मागे ११ ते २५ दात्यांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच). 'एवढ्या पैशांत कार्बन परत मिळणार नाही म्हणतो. घेऊन टाकू का, आणि उरलेल्या दहा हजारांत काय काय बसवू?'

नका घेऊ. फुकट दिली तरी विचार करा असं म्हणेन.

कार्बनशी माझं भांडण नाही. भांडण त्या ५६ आकड्याशी आहे. ५६ ची फ्रेम साधारण पाच-दहा ते सहा फुटी माणसाची. तुम्हाला ५१-५२ च्या आसपासची लागेल. आता मित्र म्हणेल, 'सीट खाली घे, झालं काम.' सीट खाली येते हो, पण हँडल जवळ येत नाही. हँडल धरणारा स्टेम आखूड घालून दोन-तीन सेंटिमीटर मिळतात, त्यापुढे सायकल डुचमळायला लागते. मोठ्या फ्रेमवर माणूस हात ताणून, मान वर काढून बसतो. पहिले वीस किलोमीटर काही वाटत नाही. चाळिसाव्याला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, साठाव्याला मान आखडते, आणि मग तो 'आपलं वय झालं' असं म्हणून सायकल बाल्कनीत लावतो. मी बावीस वर्षं चालवतोय, गेली काही वर्षं रविवारी दुपारी ओळखीपाळखीच्यांच्या सायकली दुरुस्त करत बसतो. माझ्याकडे 'हाताला मुंग्या येतात' म्हणून आलेल्या निम्म्या सायकलींमध्ये बिघाड काहीच नसतो, त्या दुसऱ्याच कुणाच्या मापाच्या असतात.

आज रात्रीच स्वतःचं माप काढा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा, पावलांत वीतभर अंतर. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन मांड्यांच्या मध्ये, कणा वरच्या बाजूला ठेवून, भिंतीला काटकोनात धरा आणि वर दाबा. सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा दाबा, लाजू नका. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत बायकोला किंवा भावाला मोजायला सांगा, स्वतः वाकलात की माप चुकतं. समजा ७८ सेंटिमीटर आलं. त्याला ०.६७ ने गुणा, ५२ आणि थोडं. वरची नळी आडवी असायची त्या जुन्या फ्रेमच्या हिशेबाने ही साइझ. त्याच ७८ ला ०.८८३ ने गुणलं की जवळजवळ ६९ येतात. पॅडलचे दांडे जिथे फिरतात त्या मध्यबिंदूपासून सीटच्या माथ्यापर्यंतची ही उंची. दोन्ही आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दुकानात कुणी 'सर, हीच बसते तुम्हाला' म्हणालं की टेप काढायचा. वेगवेगळ्या कंपन्यांचं ५२ वेगवेगळं असतं, काहींकडे तर नुसतं एस-एम लिहिलेलं असतं, म्हणून शेवटचा कौल अर्धा तास चालवून बघण्याचाच.

दुसरा मुद्दा गिअरचा. मला तो साइझइतकाच महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. ५३-३९ आणि ११-२५ ही शर्यतवाल्यांची जोडी. सिंहगडाचा रस्ता गोळेवाडीपासून वरपर्यंत आठ-नऊ किलोमीटर चढतच राहतो, मध्ये काही वळणं अशी की सायकल उभी राहते की काय वाटावं. पहिल्या वर्षी तुमचा तिथला वेग ताशी आठच्या पुढे जाणार नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. आता ३९ ला २५ चा गिअर घ्या. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटरहून जरा जास्त जाते. ताशी आठला मिनिटाला फेरे पडतात चाळीस. म्हणजे दर फेऱ्याला जिना चढल्यासारखा जोर, तासभर. गुडघे ओरडतील. तेच पुढे ३४ आणि मागे ३२ असेल तर एका फेऱ्यात सव्वादोन मीटर, आणि त्याच वेगाला मिनिटाला साठ फेरे. दमाल, पण गुडघे शाबूत राहतील. तेव्हा पुढे ५०-३४, मागची मोठी चकती निदान ३२. ३४ मिळाली तर आणखी उत्तम. याला 'सोपा गिअर' म्हणून हसणारे भेटतील, त्यांना चढावर बोलायला लावा.

जुनं कार्बन घेण्यातली तिसरी भानगड म्हणजे आतली चीर बाहेरून दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियम आपटलं की चेपतं, निदान दिसतं तरी. कार्बनवर लोक नाणं वाजवून बघतात. आवाज बोदा आला तर संशय घ्यायचा, पण आवाज चांगला आला म्हणून फ्रेम चांगली असं नाही. नवख्या माणसाने ही जोखीम घेऊ नये.

मग काय घ्यायचं? अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, पुढचा फोर्क (चाक धरणारा चिमटा) कार्बनचा असला तर छान, आणि शिमानो कंपनीचा क्लॅरिस किंवा सोरा गिअर-संच. क्लॅरिसला मागे आठ चकत्या, सोराला नऊ. त्यावरचे टियाग्रा, १०५ वगैरे सुंदर आहेत, पण तुमच्या बजेटचे नाहीत आणि पहिल्या वर्षी फरकही कळणार नाही. एक अट मात्र सोडू नका. गिअर आणि ब्रेक एकाच लिव्हरमध्ये हवेत. स्वस्त रोड बाइकमध्ये गिअर बदलायचे खटके हँडलच्या मधोमध, स्टेमपाशी असतात. चांदणी चौकात मागून पीएमपीची बस येतेय, पुढे खड्डा आहे आणि तुमचा एक हात ब्रेक सोडून खटका शोधतोय, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. त्या पैशांत सरळ हँडलची हायब्रिड घेतलेली परवडली. हायब्रिडवर २०० ची बीआरएम आरामात होते. साडेतेरा तास मिळतात आणि ती शर्यत नसते, वेळेत पोचायचं एवढंच.

नवी क्लॅरिसवाली बजेटमध्ये बसली नाही तर वापरलेली बघा, मी तरी तेच करीन. पुण्यात २०२० नंतर हौसेने घेतलेल्या आणि आता टॉवेल वाळत घालायच्या कामाला लागलेल्या सायकली घरोघर आहेत. बघायला जाताना सीटपोस्ट वर-खाली होतो का ते पाहा, जाम झाला असेल तर सोडून द्या. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवा. आउट, म्हणजे चाकाचा डोल, थोडा असेल तर कुठलाही चांगला कारागीर काढून देतो, पण रिमवर चीर असेल तर चाक गेलं. चेन किती ताणलीय ते गेजने मोजा, गेज नसेल तर स्टीलची पट्टी चालते. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक) म्हणजे नेमके बारा इंच. एक सोळांश इंच जास्त भरलं की चेन बदलायला आली, आणि त्याहून बरंच पुढे गेलं असेल तर कॅसेटही खाल्लेली असणार. तो खर्च किमतीतून वळता करून घ्या.

पैशांची वाटणी मी अशी करीन. सायकल ३८ हजारांच्या आत. दहा हजार बाकी सामानाला. दोन हजार हात न लावता ठेवा, महिन्याभराने स्टेम किंवा सीट बदलावीशी वाटेल तेव्हा ते लागतात.

टायरचं आधी बोलतो, कारण तो सायकलसोबतच येतो. पूर्वी सगळे २३ मिलिमीटरवर पळायचे. आपल्याकडच्या रस्त्यांना २८ खाली जाऊ नका, फ्रेममध्ये मावत असतील तर ३२ घाला. सिमेंटच्या रस्त्याला दोन पट्ट्यांच्या मध्ये लांबीच्या दिशेने जी फट राहते तिच्यात बारीक चाक रुळात अडकावं तसं अडकतं. माझ्या डाव्या कोपरावर तिची खूण आहे. शिवाय रुंद टायरला हवा कमी लागते, म्हणजे हाडं खिळखिळी होत नाहीत. तुमच्या वजनाला २८ वर ७५ पीएसआयच्या आसपास, मागे थोडी जास्त, पुढे थोडी कमी. ३२ वर साठाच्या अल्याडपल्याड. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, भरायची हवा नव्हे.

हे पीएसआय मोजायचे कसे? म्हणून पहिली खरेदी मीटर असलेला फ्लोअर पंप. हेल्मेटच्याही आधी लिहितोय, कारण हेल्मेट तुम्ही घेणारच आहात आणि पंप घेणार नाही आहात. रोड बाइकच्या ट्यूबला बहुतेक वेळा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, बारीक, टोकाला छोटी चक्री असलेला. पेट्रोल पंपावरचं नळकांडं त्याला बसत नाही. पितळेचा अडॅप्टर मिळतो, तो एक बॅगेत टाकून ठेवा, पण भिस्त घरच्या पंपावर ठेवा. बारीक टायरची हवा आठवड्यात आपोआप उतरते, आणि कमी हवेवर खड्ड्यात गेलात की ट्यूब रिम आणि खड्डा यांच्यात चिमटते. सापाने चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी दोन भोकं दिसली की काच-खिळा शोधत बसू नका, पंप काढा.

आता पंक्चर. ही गोष्ट जरा लांब सांगतो, कारण मी ती महागात शिकलो. पावसाळ्यात पौड रोडने मुळशीकडे निघालो होतो, एकटाच. मागचं चाक बसलं. मोठ्या रुबाबात ट्यूब बदलली, हवा भरली, निघालो. अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा बसलं. दुसरी ट्यूब घातली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ठिगळ लावायला पावसात एका वडापावच्या टपरीच्या पत्र्याखाली बसलो तेव्हा टपरीवाले काका बराच वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, 'काटा काढल्याशिवाय मलम लावताय होय?' त्यांनी हातातलं फडकं टायरच्या आतून गोल फिरवलं. एका जागी ते अडकलं. तिथे केसाएवढी बारीक स्टीलची तार होती. ट्रकचे टायर फुटतात ना, त्यातल्या तारांचे तुकडे रस्त्याच्या कडेला पडलेले असतात, आणि कडेनेच आपण जातो. बाहेरून तिचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. बोटांनी निघेना, शेवटी काकांच्या किल्ल्यांच्या जुडग्यातल्या नेलकटरने उपटली. तेव्हापासून माझ्या सीटखालच्या पिशवीत एक नेलकटर असतो.

त्या पिशवीत आणखी काय हवं : दोन ट्यूब (एक नव्हे), प्लॅस्टिकचे दोन-तीन टायर लिव्हर, ठिगळं आणि सोल्यूशन, चार-पाच-सहाच्या अ‍ॅलन की असलेला छोटा मल्टिटूल, फ्रेमला लागणारा हातपंप. टायरच कापला गेला तर आतून घालायला चिक्कीचं वेष्टन घडी करून ठेवा, त्यावर घरापर्यंत येता येतं. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत वाळते, प्रवासाला निघण्याआधी दाबून बघत जा. हे सगळं विकत घेणं दहा मिनिटांचं काम आहे. घरी पंख्याखाली बसून मागचं चाक काढणं, ट्यूब बदलणं आणि चाक परत बसवणं हे तीन वेळा केल्याशिवाय शहराबाहेर जाऊ नका. चेन मागच्या सगळ्यात लहान चकतीवर आणून मग चाक काढायचं. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी निम्मी चिडचिड वाचेल.

हेल्मेट महागच हवं असं नाही. आत सीपीएससी किंवा ईएन १०७८ असा सुरक्षा मानकाचा छाप असला आणि डोक्याला बसलं की पुरे. महागात हवा जास्त खेळते आणि वजन कमी असतं, एवढंच. भुवयांच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा व्ही, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकी सैल पट्टी. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट म्हणजे शोभेची टोपी. एकदा जोरात आपटलं की बाहेरून धड दिसलं तरी बदला, आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी असतो.

पॅड असलेली शॉर्ट. इथे कंजुषी करू नका आणि आत काही घालू नका. हो, अंतर्वस्त्रसुद्धा नाही. पहिल्या शंभर किलोमीटरला मी घातलं होतं, शिवण कुठे कुठे असते ते तेव्हा कळलं. खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट पोट आवळत नाही, लांबच्या अंतराला तीच बरी. प्रत्येक वेळी धुवायची, सावलीत वाळवायची. 'सीट टोचते' म्हणून जेलचं जाड कव्हर मात्र घेऊ नका, त्यात बसलं की मांडी घासते आणि बूड आणखी दुखतं. सीटची रुंदी तुमच्या बसण्याच्या दोन हाडांवर ठरते. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा लाकडी स्टुलावर ठेवा, त्यावर पाय जरा उचलून, पुढे वाकून मिनिटभर बसा. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यातलं अंतर अधिक दोन-तीन सेंटिमीटर ही तुमची सीट. पहिले पंधरा दिवस थोडं दुखणारच, सीट बदलण्याची घाई करू नका. बधिरपणा आला तर मात्र लगेच बदला किंवा तिचं नाक केसभर खाली करा.

दिवे दोन : मागचा लाल, पुढचा पांढरा. मागचा दिवसाही चालू ठेवायचा, लुकलुकता. बीआरएमला हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टरचं जॅकेट सक्तीचं असतं, तेव्हा हे आत्ताच घेतलंत तर पुन्हा खर्च नाही. बाटलीचे दोन स्टँड, दोन बाटल्या. सुती टी-शर्ट तूर्त चालेल. डिसेंबरात पहाटे गडावरून उतरताना छातीला गार वारं झोंबतं, तेव्हा वरच्या टपरीवर जुना पेपर मागा आणि शर्टाच्या आत सरकवा. हसू नका, शर्यतवालेसुद्धा हे करत आलेत.

क्लीटवाले, म्हणजे तळव्याच्या खटक्याने पॅडलमध्ये अडकणारे बूट आणि त्यांचे पॅडल तीन महिने नको. त्यात पाय अडकतो, आणि सिग्नलला उभ्या उभ्या आडवं होण्याचा मान प्रत्येकाला एकदा मिळतो. तो रस्त्याची सवय झाल्यावर मिळालेला बरा. घ्याल तेव्हा दोन बोल्टच्या क्लीटचे, एसपीडी जातीचे घ्या, त्यावर टपरीपर्यंत माणसासारखं चालत जाता येतं. स्वतः पॅडल बसवणार असाल तर डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. मी एकदा तिथे जोर लावून लावून क्रँकचे (पॅडलच्या दांड्याचे) आटे खलास केलेत.

चेनला ऑइल घालण्यापेक्षा पुसणं महत्त्वाचं. सायकलचं म्हणून मिळतं ते ल्यूब, प्रत्येक कडीवर एक थेंब, पॅडल उलटं फिरवायचं, दहा मिनिटं थांबून फडक्याने वरचं सगळं पुसून टाकायचं. वरून चकाकणारी चेन धूळ गोळा करते आणि ती धूळ पॉलिश पेपरसारखी कॅसेट खाते. फवाऱ्याचं डब्ल्यूडी-४० साफ करायला ठीक, वंगण म्हणून नको.

खाण्याचं तुमच्या प्रश्नात नाही, पण वजन लिहिलंय म्हणून सांगतो. उपाशीपोटी लांब जाऊन वजन उतरवायच्या फंदात पडू नका. तासाभराच्या पुढे गेलात की खिशात केळं, खजूर, राजगिऱ्याची चिक्की. दर तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, एका बाटलीत ओआरएस. गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही जरूर खा, फक्त लगेच उतारावर सुटू नका. उतारावर ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत, वळणाआधी दोन्ही दाबायचे आणि वळणात सोडायचे. रिम ब्रेक असतील आणि पाऊस असेल तर पहिली दाब नुसती पाणी पुसण्यात जाते, म्हणून जरा आधीपासून.

पहिला महिना खडकवासल्यापर्यंत जाऊन परत, आठवड्यातून तीनदा, पहाटे. जुना कात्रज बोगदा दुसऱ्या महिन्यात. पाबे घाटाच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका.

मित्राला नाही म्हणताना एक करा. तो सायकल विकतोय म्हणजे त्याचा फ्लोअर पंप घरात पडून असणार. तो मागून घ्या, दीड हजार वाचतील.